न्यायालयाची शिस्त आणि खिशातले यंत्र



वसंत व्याख्यानमालेला श्रोते येतात ते संध्याकाळच्या गार वाऱ्याच्या आशेने. त्यांच्यापुढे कायद्याचा विषय मांडणे म्हणजे पन्ह्याच्या पेल्यात काढा ओतण्यासारखे आहे, असे कोणी म्हटले तर आम्ही त्याच्याशी वाद घालणार नाही. तथापि आजचा विषय कायद्याच्या जाड पुस्तकातला नसून आपणा सर्वांच्या खिशातला आहे. या सभागृहात असा एकही खिसा नसेल की ज्यात मोबाइल फोन नाही. आणि व्याख्यान संपेपर्यंत त्यांतले दोनचार वाजल्यावाचून राहणार नाहीत. येथे तो वाजला तर फार तर शेजारी नाक मुरडील. परंतु न्यायालयात तो वाजला, किंवा न वाजता गुपचूप चालू राहिला, तर काय होते, आणि का होते, एवढेच आज आम्ही सांगणार आहोत.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपल्याकडे घरोघर आहे. तिच्यात अनुभव आहे, पण तिने एक नुकसानही केले आहे. पायरी चढावयाचीच नाही असे ठरविल्यामुळे वरती गेल्यावर कसे वागावे हे आपण कधी शिकलोच नाही. देवळात जाताना चपला काढाव्यात हे पोरालाही कळते. न्यायालयात मात्र पन्नाशीचा गृहस्थ दाराशी घुटमळतो. आत जावे की नाही? बसावे की उभे राहावे? आपल्याला आत जाण्याचा हक्क आहे की नाही, याचीसुद्धा त्याला खात्री नसते. म्हणून आरंभीच सांगतो की, तो हक्क आहे. फौजदारी न्यायालय हे खुले न्यायालय मानले जाईल आणि जागा पुरेल तितक्या लोकांना तेथे सामान्यतः प्रवेश असेल, असे कायदाच म्हणतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे ३२७ वे कलम तेच सांगत असे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे ३६६ वे कलमही तेच सांगते. दिवाणी न्यायालयासाठी तशीच तरतूद आहे. खुद्द राज्यघटनेने सर्वोच्च न्यायालयाचे निर्णय खुल्या न्यायालयातच दिले पाहिजेत असे बंधन घातले आहे. तेव्हा न्यायालय कोणा साहेबाचा वाडा नव्हे. ती आपली जागा आहे, आणि तिची शिस्त ही आपल्याच घरची शिस्त आहे.

ही शिस्त नीट पाहिली तर तिच्यात तीन निरनिराळ्या प्रकारचे नियम एकत्र गुंफलेले आढळतात. आपण ते एकच समजतो आणि मग सगळेच नियम म्हणजे इंग्रजांनी मागे ठेवलेला थाट असे म्हणून मोकळे होतो. ते वेगळे करून पाहिले पाहिजेत.

पहिला प्रकार आदराचा. न्यायाधीश आत आले की सर्वांनी उठून उभे राहावयाचे, न्यायासनाला नमस्कार करून आत यावयाचे व जावयाचे, पाठ फिरवून मोठ्याने बोलावयाचे नाही, पायावर पाय टाकून बसावयाचे नाही. वकिलांचा काळा कोट, गळ्यातले पांढरे बँड, उच्च व सर्वोच्च न्यायालयातला झगा, हेही याच प्रकारातले. यांतले पुष्कळसे संकेत आहेत आणि काळाबरोबर ते बदलतात. उन्हाळ्यात खालच्या न्यायालयांतील वकिलांना काळ्या कोटाची सक्ती नाही. ‘माय लॉर्ड’ आणि ‘युवर लॉर्डशिप’ हे शब्द परकीय अमदानीचे अवशेष आहेत असे भारतीय वकील परिषदेने २००६ साली आपल्या नियमांतच नमूद केले, आणि वरच्या न्यायालयांत ‘युवर ऑनर’ किंवा ‘ऑनरेबल कोर्ट’, तर खालच्या न्यायालयांत ‘सर’ म्हणावे असे सुचविले. तरी जिभेचे वळण जात नाही आणि ‘माय लॉर्ड’ अजून ऐकू येतेच. त्याने न्यायाचे काही बिघडत नाही. आदर हा शब्दात थोडा आणि वागण्यात फार असतो.

याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. १८ मार्च १९२२ रोजी अहमदाबादेस महात्मा गांधींवर राजद्रोहाचा खटला चालला. आरोपी आत येताच सारे न्यायालय उठून उभे राहिले. न्यायाधीश ब्रूमफील्ड यांनी आसनावर बसताना आरोपीला मान लवविली, आणि लोकमान्य टिळकांच्या शिक्षेचा दाखला देऊन तेवढीच सहा वर्षांची शिक्षा सांगितली. कायद्याने शिक्षा फर्माविली आणि माणसाने आदर दाखविला. दोन्ही एकाच खोलीत, एकाच वेळी. न्यायालयीन सभ्यता म्हणतात ती ही.

दुसरा प्रकार ऐकू येण्याचा. हा अगदी साधा आहे. न्यायालयात काम चालते ते शब्दांवर. साक्षीदार बोलतो, वकील विचारतो, न्यायाधीश टंकलेखकाला मजकूर सांगतात, आणि जे लिहिले जाते त्यावरच पुढे अपिलात निकाल लागतो. साक्षीदार ‘नाही’ म्हणाला आणि त्याच क्षणी कोणाच्या खिशातून सिनेमाचे गाणे वाजू लागले, तर एखाद्याचे आयुष्य त्या एका शब्दावर अडून राहिलेले असू शकते. म्हणून कुजबुज नको, येरझार नको, फोनची घंटा नको. न्यायदान चालू असताना बसलेल्या लोकसेवकाचा हेतुपुरस्सर अपमान करणे किंवा त्याच्या कामात व्यत्यय आणणे हा गुन्हाच आहे. भारतीय न्याय संहितेच्या २६७ व्या कलमाखाली त्याला सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. चुकून वाजलेल्या फोनाला हे कलम लागत नाही, कारण त्यात हेतू नसतो. पण ‘चुकून’ या शब्दाचा आधार दुसऱ्या वेळी घेता येत नाही.

तिसरा प्रकार पुराव्याच्या रक्षणाचा. हा सर्वांत महत्त्वाचा, आणि लोकांना सर्वांत कमी ठाऊक असलेला. यंत्रांवरच्या बंदीचे खरे मूळ येथे आहे. म्हणून यावर आम्ही थोडे अधिक थांबतो.

आपण कधी साक्षीला गेला असाल तर आठवा. पुकारा होईपर्यंत आपणांस बाहेर बाकावर बसविले जाते. माणसाला वाटते, काय हा अपमान! वास्तविक यात न्यायाचे एक मोठे शहाणपण आहे. एकाच घटनेचे चार साक्षीदार असतील तर चौघांनी एकमेकांची जबानी ऐकता कामा नये. पहिला म्हणाला, आरोपी डाव्या गल्लीतून आला. दुसरा तेच आपणहून म्हणाला, तर त्या दोघांच्या म्हणण्याला वजन येते. पण पहिल्याचे ऐकून दुसरा तेच म्हणाला, तर ते एकाच साक्षीचे दोन प्रतिध्वनी झाले. उलटतपासणीची सारी कला यावर उभी आहे. वकील पहिल्या साक्षीदाराला दिव्याचा रंग विचारतो, तो मुद्दाम. दुसऱ्याला तोच प्रश्न विचारून तो खरेखोटे ताडतो. न्यायालयाचे दार म्हणजे या दोन साक्षीदारांमधली भिंत आहे.

आता त्या भिंतीचे काय झाले पाहा. मागच्या बाकावर आरोपीचा किंवा फिर्यादीचा एखादा आप्त मांडीवर मोबाइल घेऊन बसतो. साक्षीदाराला दिव्याचा रंग विचारला गेला, तो ‘पिवळा’ म्हणाला, आणि दुसऱ्या क्षणी बाहेरच्या बाकावर बसलेल्या साक्षीदाराच्या फोनावर अक्षरे उमटली: ‘दिवा पिवळा सांग.’ आवाज झाला नाही, कोणाची शांतता भंगली नाही, कोणाचा अपमान झाला नाही. तरी भिंत पडली. ही नुसती कल्पना नव्हे. अमेरिकेत शिकागो शहर ज्यात आहे त्या कुक परगण्याच्या फौजदारी न्यायालयात २०१३ साली सामान्य लोकांना मोबाइल घेऊन आत येण्यास बंदी झाली, ती याच कारणासाठी. लोक फोनावरून साक्षीदारांची, ज्यूरीच्या सभासदांची छायाचित्रे टिपतात, आणि बाहेर थांबलेल्या साक्षीदारांना आतली जबानी कळवितात, अशी तेथील न्यायाधीशांची तक्रार होती.

छायाचित्राची गोष्ट तर याहून भयंकर आहे. गावातल्या दांडग्याविरुद्ध साक्ष देण्यास एखादी बाई धीर करून पिंजऱ्यात उभी राहते. समोरून कोणी तिच्याकडे फोन रोखला. त्याने चित्र घेतले की नाही, हे तिला कळत नाही; पण तिचा आवाज बारीक होतो. न्यायाधीशांच्या आसनावरून मांडीवरचा फोन दिसत नाही. पिंजऱ्यातून मात्र तो दिसतो. धमकीचे एक अक्षरही न उच्चारता दिलेली ही धमकी आहे. त्यातच बलात्काराच्या खटल्याची सुनावणी कायद्याने बंद दारामागे व्हावयाची असते आणि पीडित स्त्रीची ओळख उघड करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. बालकांच्या बाबतीत २०१२ चा कायदा याहून कडक आहे. एका बेफिकीर बोटाच्या दाबाने हे सारे संरक्षण फुकट जाऊ शकते, आणि एकदा बाहेर गेलेले चित्र कोणत्याही हुकुमाने पुरते परत येत नाही.

यंत्र आणि न्यायालय यांचा हा झगडा मोबाइलाबरोबर जन्मला असे मात्र समजू नये. तो शंभर वर्षांहून जुना आहे. इंग्लंडात १९१२ साली सेडन नावाच्या आरोपीला फाशीची शिक्षा सांगितली जात असताना कोणी लपवून नेलेल्या कॅमेऱ्याने तो क्षण टिपला, आणि ते चित्र छापले गेले. मरणाचा हुकूम ऐकणाऱ्या माणसाचे दर्शन दिडकीला विकावे काय, असा प्रश्न उभा राहिला. १९२५ च्या फौजदारी न्याय कायद्याच्या ४१ व्या कलमाने तेथे न्यायालयात छायाचित्र घेण्यास बंदी झाली. एवढेच नव्हे, तर न्यायालयात बसून प्रसिद्धीसाठी चित्र रेखाटण्यासही बंदी झाली. म्हणून आजही तेथील चित्रकार आत बसून नुसते पाहतात आणि बाहेर येऊन आठवणीने चित्र काढतात! १९८१ साली ध्वनिमुद्रण यंत्रावरही परवानगीवाचून बंदी आली. पुढे काळ पाहून त्याच इंग्लंडाने २०११ साली वार्ताहरांना न्यायालयातून लेखी वार्ता तत्क्षणी पाठविण्याची मोकळीक दिली, आणि २०२२ पासून मोठ्या फौजदारी न्यायालयांत शिक्षा सांगतानाचे न्यायाधीशांचे निवेदन दूरदर्शनवर दाखविण्यास सुरुवात केली. कॅमेरा असतो तो फक्त न्यायाधीशांवर. साक्षीदार, पीडित, ज्यूरी यांच्याकडे तो वळत नाही. बंदी आणि मोकळीक यांची सीमा कोठे आखावी, याचा हा एक नमुना आहे.

अमेरिकेने दुसरे टोक पाहिले. विमानवीर लिंडबर्ग याच्या तान्ह्या मुलाच्या अपहरणाचा व हत्येचा खटला १९३५ साली न्यू जर्सीतील फ्लेमिंग्टन या लहानशा गावी चालला. वार्ताहरांची आणि बघ्यांची जत्राच तेथे लोटली. न्यायाधीशांनी मना केले असतानाही काम चालू असताना चलच्चित्र घेतले गेले आणि ते सिनेमागृहांत दाखविले गेले. दोन वर्षांनी तेथील वकिलांच्या संघटनेने न्यायालयात छायाचित्रणाला बंदी असावी असा नियम केला. १९६५ साली टेक्सासमधील एका खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने, दूरदर्शनच्या गर्दीमुळे आरोपीला न्याय्य सुनावणी मिळाली नाही म्हणून शिक्षाच रद्द केली. तो निकाल पाचास चार मतांनी झाला. सोळा वर्षांनी, १९८१ साली, त्याच न्यायालयाने ठरविले की कॅमेरा आहे एवढ्यानेच सुनावणी दूषित होत नाही, घटकराज्यांनी आपापले पाहावे. आणि मौज अशी की त्या सर्वोच्च न्यायालयाच्या स्वतःच्या दालनात अजून कॅमेऱ्याला प्रवेश नाही. २०२० पासून तेथील युक्तिवाद लोकांना थेट ऐकता येतात, पाहता येत नाहीत.

आता दुसरी बाजू. १९६१ साली जेरुसलेम येथे आइखमन याच्यावर खटला चालला, तेव्हा कॅमेरे भिंतींत दडवून बसविले होते. साक्षीदारांना ते दिसत नव्हते, आणि जगाला साक्षीदार दिसत होते. छळछावण्यांतून वाचलेली माणसे काय सांगतात हे लक्षावधी लोकांनी पाहिले, आणि ते चित्रण आज मानवजातीचा ठेवा आहे. तेव्हा कॅमेरा न्यायाचा शत्रूच आहे असे सरसकट म्हणता येणार नाही. कोणी लावला, कोठे लावला, कोणाकडे वळविला आणि चित्रण कोणाच्या ताब्यात राहिले, यावर सारे आहे.

आमच्या मनात या संदर्भात नेहमी एक विचार येतो. १९०८ च्या जुलैत मुंबई उच्च न्यायालयात लोकमान्यांवर खटला चालला. आपला बचाव त्यांनी स्वतःच केला आणि ते एकवीस तासांहून अधिक बोलले. २२ जुलैच्या रात्री ज्यूरीने सातांस दोन मतांनी त्यांना दोषी ठरविले, आणि वरच्या शक्तीवर भरवसा ठेवणारे त्यांचे उत्तर अजरामर झाले. १९५६ साली मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्या हस्ते त्याच न्यायालयात ते शब्द संगमरवरावर बसविले गेले. त्या आवाजाचे ध्वनिमुद्रण असते तर! आपल्यातला कोण ते ऐकण्यास रांग लावणार नाही? पण ते शब्द आपणांपर्यंत पोहोचले ते लघुलेखनाने आणि वर्तमानपत्रांच्या वार्ताहरांनी. दार खुले होते, कागद आणि पेन्सिल आत जाऊ शकत होती, म्हणून पोहोचले. खुल्या न्यायालयाचे मोल यापेक्षा निराळे काय सांगावे?

परंतु खुलेपणालाही मर्यादा आहे की नाही, हा प्रश्न स्वतंत्र भारतात उपस्थित झाला, तोही मुंबईतच. १९६४ साली उच्च न्यायालयात ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाच्या संपादकांविरुद्ध अब्रुनुकसानीचा दावा चालू होता. एका साक्षीदाराने तक्रार केली की, आपल्या पूर्वीच्या जबानीला प्रसिद्धी मिळाल्याने आपल्या धंद्याचे नुकसान झाले. न्यायमूर्ती तारकुंडे यांनी त्याची जबानी प्रसिद्ध करू नये असा तोंडी हुकूम दिला. त्याविरुद्ध नरेश श्रीधर मिरजकर व आणखी काही पत्रकार सर्वोच्च न्यायालयात गेले. नऊ न्यायमूर्तींपुढे सुनावणी झाली, आणि मार्च १९६६ मध्ये सरन्यायाधीश गजेंद्रगडकर यांनी बहुमताचा निर्णय दिला. खुली सुनावणी हा न्यायाचा प्राण आहे हे त्यांनी मान्य केले. परंतु खुल्या सुनावणीचा हेतू न्याय हा आहे, आणि क्वचित प्रसंगी न्यायासाठीच ती मर्यादित करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे, असे त्यांनी म्हटले. न्यायमूर्ती हिदायतुल्ला एकटे विरुद्ध गेले. साक्षीदाराच्या धंद्याची काळजी हे लोकांचे कान बंद करण्यास पुरेसे कारण नव्हे, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. एक मत आठांविरुद्ध पडले, तरी ते आज आदराने वाचले जाते. आम्हांस असे वाटते की बहुमताने दिलेले तत्त्व आणि हिदायतुल्लांनी दिलेला इशारा ही दोन्ही नागरिकाने जवळ बाळगावीत. मर्यादा घालता येते; पण प्रत्येक मर्यादेला कारण द्यावे लागते.

त्यानंतरच्या साठ वर्षांत यंत्रानेच न्यायालयात रीतसर प्रवेश केला आहे. मुंबईतल्या एका खटल्यात अमेरिकेतील डॉक्टरची साक्ष दृक्श्राव्य यंत्रणेद्वारे घेता येईल असे सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली सांगितले. २६ सप्टेंबर २०१८ रोजी त्याच न्यायालयाने महत्त्वाच्या सुनावण्यांचे थेट प्रक्षेपण व्हावे हे तत्त्व मान्य केले. न्यायालयाची खोली लहान आणि देश मोठा. जागा पुरेल तितक्यांना प्रवेश असेल, तर प्रक्षेपणाने ती जागाच वाढते, असा तो सरळ विचार होता. प्रत्यक्षात घटनापीठांचे प्रक्षेपण सुरू झाले ते २७ सप्टेंबर २०२२ रोजी, म्हणजे चार वर्षे आणि एका दिवसाने! मध्यंतरी २०२० च्या महामारीने सारी न्यायालये पडद्यावर आणली होती. गुजरात उच्च न्यायालयाने त्याच वर्षी प्रयोग म्हणून प्रक्षेपण सुरू केले. मुंबई उच्च न्यायालयातही २०२५ च्या जुलैपासून काही खंडपीठांपुढील कामकाज लोकांना घरबसल्या पाहता येऊ लागले.

पडद्यावरच्या न्यायालयाने काही विनोदही घडविले. कोणी वकील बनियन वजा शर्टात बिछान्यावर पडून हजर झाले आणि त्यांना सर्वोच्च न्यायालयाची क्षमा मागावी लागली. गुजरातेत एका वकिलांनी मोटारीत बसून धूम्रपान करीत सुनावणीस हजेरी लावली, तेव्हा त्यांना १०,००० रुपये भरावे लागले. २०२५ साली एक गृहस्थ तर स्वच्छतागृहातून हजर झाल्याचे साऱ्या देशाने पाहिले. आपण हसलो, आणि हसण्यासारखेच ते आहे. पण त्यातले तात्पर्य असे की, न्यायालयाच्या भिंतीच माणसाला अर्धी शिस्त शिकवितात. भिंत गेली की ती शिस्त स्वतःच्या मनातून आणावी लागते.

प्रक्षेपण खुले झाले, मग आमच्या फोनाने काय घोडे मारले, असा प्रश्न येथे कोणी विचारील. प्रश्न योग्य आहे. उत्तर असे की, न्यायालयाचा कॅमेरा आणि प्रेक्षकाचा कॅमेरा यांत जबाबदारीचा फरक आहे. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने प्रक्षेपणाचे नमुना-नियम केले. त्यांत वैवाहिक तंटे, लैंगिक गुन्हे, बालकांसंबंधीचे खटले वगळले आहेत. प्रक्षेपण दहा मिनिटे उशिराने करावे असे म्हटले आहे. भलतेच काही बोलले गेले, एखादे नाव निसटले, तर ते थांबविता यावे म्हणून. आणि परवानगीवाचून कोणी त्याचे मुद्रण करू नये, ते पसरवू नये असे बंधन घातले आहे. खिशातल्या फोनाला ही दहा मिनिटे नसतात. त्याच्यामागे कोणी विचार करणारा नसतो, आणि चुकले तर जबाब देणाराही नसतो.

शिवाय तुकड्यांचा रोग आहे. तीन तासांच्या सुनावणीतला वीस सेकंदांचा तुकडा कापावयाचा, त्याला वर एक चमचमीत मथळा द्यावयाचा आणि गावभर पाठवावयाचा. न्यायाधीश वकिलाला प्रश्न विचारतात तो पुष्कळदा त्याचा मुद्दा तपासून पाहण्यासाठी. उद्या निकाल त्याच्याच बाजूने लागतो. पण तुकडा पाहणाऱ्यास वाटते, न्यायाधीश विरुद्ध आहेत, म्हणजे काहीतरी काळेबेरे आहे. उलट बाजूही आहे. २०२४ च्या सप्टेंबरात कर्नाटकातील एका न्यायमूर्तींनी सुनावणीत काढलेले अनुचित उद्गार अशाच तुकड्यांमुळे देशाला कळले. पाच न्यायमूर्तींच्या पीठाने स्वतःहून दखल घेतली, आणि न्यायमूर्तींनी खेद व्यक्त केल्यावर प्रकरण मिटविले. त्या वेळी सर्वोच्च न्यायालयाने प्रक्षेपण बंद करा असे म्हटले नाही. उजेडाने डोळे दिपले तर त्यावर उपाय अधिक उजेड हा आहे, असाच त्याचा सूर होता. हा धडा मोठा आहे. न्यायालयाची शिस्त ही न्यायासनावर बसणाऱ्यालाही लागू आहे, आणि ती पाळली जाते की नाही हे पाहण्याचा लोकांना अधिकार आहे.

चोरून केलेल्या मुद्रणाला मात्र न्यायालये क्षमा करीत नाहीत. २०२५ साली मुंबई उच्च न्यायालयात एका पक्षकाराबरोबर आलेल्या माणसाने फोनावर कामकाजाचे ध्वनिमुद्रण केले. न्यायालयाने त्याला एक लाख रुपये भरावयास लावले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने आपल्या आवारातील अतिसुरक्षित भागात छायाचित्रे व चलच्चित्रे घेण्यास मनाई करणारे परिपत्रक काढले. हेतुपुरस्सर केलेली अशी गोष्ट न्यायालयाच्या अवमानापर्यंत गेली, तर १९७१ च्या कायद्याखाली सहा महिन्यांपर्यंत साधी कैद व २,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

येथवर आम्ही बंदीची कारणे सांगितली. आता बंदीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत, नाहीतर आमचे बोलणे एकतर्फी निकालासारखे होईल.

मोबाइल हे आज चैनीचे साधन राहिलेले नाही. पुढची तारीख फोनावर कळते. वकिलाचा निरोप फोनावर येतो. एस.टी. चुकली तर घरी कळवावयाचे फोनावरूनच. इतकेच काय, पुरावाच फोनात असतो. नव्या साक्ष कायद्याने इलेक्ट्रॉनिक नोंदीला दस्तऐवजाची प्रतिष्ठा दिली, आणि झडतीचे चित्रीकरण पोलिसांनी शक्यतो मोबाइलने करावे असे नव्या संहितेत म्हटले आहे. ज्या यंत्राला कायद्याने साक्षीदार म्हणून आत बोलाविले, त्याला दाराशी अस्पृश्य मानता येणार नाही. फोन बंद ठेवा, आवाज बंद ठेवा, मुद्रण करू नका, हे म्हणणे रास्त आहे. ‘फोन बाहेर ठेवून या’ असे म्हणावयाचे असेल तर तो ठेवावयाचा कोठे हेही सांगितले पाहिजे. मोटारीतून येणारा तो मोटारीत ठेवील. खेड्यातून आलेल्या शेतमजूर बाईने तो कोणाच्या पानपट्टीवर ठेवावा? नियम सर्वांना सारखा असून भागत नाही. त्याचा भारही सर्वांवर सारखा पडला पाहिजे.

दुसरी गोष्ट, नियम लोकांना कळला पाहिजे. महाराष्ट्रात जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी ठरलेली आहे. मग शिस्तीचे दहा नियम दाराशी स्वच्छ मराठीत, मोठ्या अक्षरांत, आणि प्रत्येकापुढे त्याचे कारण एका ओळीत, असे का लिहू नयेत? ‘साक्षीदारांनी बाहेर बसावे, कारण एकाची साक्ष दुसऱ्याने ऐकू नये’ एवढी एक ओळ वाचली तर बाकावरचा माणूस अपमान मानणार नाही. कारण न सांगितलेला नियम पट्टेवाल्याच्या खेकसण्यातून कळतो, आणि खेकसण्यातून कळलेला नियम मोडण्याकडेच माणसाचा कल होतो.

तिसरी गोष्ट, कागद-पेन्सिलीचा हक्क कोणी काढून घेता कामा नये. प्रेक्षक शांतपणे टिपण घेत असेल तर ‘काय लिहितोस?’ असे त्याला दरडावणे योग्य नाही. लोकमान्यांचा शब्द ज्या पेन्सिलीने आपणांस दिला, ती पेन्सिल हे लोकशाहीचे अवजार आहे.

आणि चौथी गोष्ट, न्यायालयाने इतरांस मुद्रण करू नका असे सांगावयाचे, तर स्वतःची अधिकृत नोंद लोकांना वेळेवर आणि स्वस्तात दिली पाहिजे. माणूस चोरून ध्वनिमुद्रण का करतो? काही जण खोडसाळपणाने करतात. पण पुष्कळांना भीती वाटत असते की, आज आत जे बोलले गेले ते उद्या कागदावर निराळेच दिसेल. रोजनाम्याची आणि जबानीची प्रत हातात लवकर पडली तर ती भीती निम्मी ओसरेल. विश्वासाचा तुटवडा नुसत्या दंडाने भरून निघत नाही.

शेवटी आपणां नागरिकांविषयी. न्यायाधीशांकडे शिपाई आहे, कायदा आहे, दंड आहे. आपल्याकडे एकच गोष्ट आहे, आणि ती म्हणजे आपले बोट. रात्री जेवण झाल्यावर फोनावर कोणा अभागी साक्षीदार मुलीचे चित्र येते, आरोपीच्या पिंजऱ्यातल्या पोराचा तुकडा येतो, न्यायाधीशांच्या अर्ध्या वाक्याची टवाळी येते. ते पुढे पाठवावे की नाही, याचा निकाल त्या क्षणी आपणच द्यावयाचा असतो. तेथे वकील नाही, अपील नाही, आणि ज्याच्याविषयी निकाल द्यावयाचा तो माणूस समोर नाही. त्या एका क्षणापुरते आपण प्रत्येक जण न्यायासनावर बसलेले असतो. दुसऱ्या बाजूचे ऐकल्यावाचून निकाल देऊ नये, हा न्यायाचा सर्वांत जुना नियम आहे. तो आपण आपल्या फोनाला शिकविला, तर न्यायालयाच्या दारावरची निम्मी बंदी अनावश्यक होईल.

कोर्टाची पायरी चढू नये, असे शहाणे म्हणाले. आम्ही एवढेच म्हणतो की, एखादे दिवशी काही काम नसताना अवश्य चढावी. मागच्या बाकावर शांत बसावे, फोन बंद करून खिशात ठेवावा, आणि आपल्या नावाने चाललेला न्याय कसा चालतो हे आपल्या डोळ्यांनी पाहावे. ज्या न्यायालयात मागचे बाक भरलेले असतात, तेथे न्यायाधीश, वकील आणि साक्षीदार तिघेही थोडे अधिक जपून वागतात, असा जगाचा अनुभव आहे.